मानेतली गोळी: भोकाच्या साइझवर जाऊ नका

प्रश्न: डॉक्टर, मी फॉरेन्सिकच्या पहिल्या वर्षाला आहे. मानेला गोळी लागली असेल तर लहान भोक म्हणजे गोळी आत शिरली आणि मोठं म्हणजे बाहेर पडली, असं रिपोर्टमध्ये लिहून टाकायचं का? की सीटी स्कॅन केला की सगळं कळतंच?

उत्तर: नाही हो, साइझवरून अजिबात लिहू नका, ही चूक फार जण करतात. आत शिरताना गोळी कातडीला घासते म्हणून भोकाभोवती खरचटल्याची कडा दिसते, ती शोधायची. पण बाहेर पडताना कातडी घट्ट कॉलरला किंवा भिंतीला टेकलेली असेल तर तिथेही तसंच खरचटतं, आणि मानेत हे होऊ शकतं, म्हणून नुसत्या कडेवरही विसंबू नका. बंदूक जवळ होती का ते काजळीवरून आणि बंदुकीच्या दारूच्या कणांच्या ठिपक्यांवरून कळतं. काजळी पुसली जाते, ठिपके धुतले तरी जात नाहीत.

आता सीटीचं. पेशंटच्या मानेतून जोरात रक्त येत असेल, सूज वाढत असेल, जखमेतून हवेचे बुडबुडे येत असतील तर स्कॅनची वाट बघायची नाही, थेट ऑपरेशन. तब्येत स्थिर असेल तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे शिरेतून औषध देऊन रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी, कारण कॅरोटिड (मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी), श्वासनलिका, अन्ननलिका आणि मणका सगळं हाताएवढ्या जागेत कोंबलेलं असतं. गोळीच्या वाटेवर हवा, धातूचे कण, हाडाचे तुकडे दिसतात आणि तुकडे बहुतेक गोळीच्या दिशेने ढकललेले असतात, हा फार कामाचा धागा. पण धातूमुळे चित्रात पट्टे येतात आणि नेमकी शेजारची रक्तवाहिनी झाकली जाते. शिवाय स्कॅन होतो सरळ झोपवून, गोळी लागली तेव्हा मान वळलेली असू शकते, मग वाट वाकडी दिसते आणि लोक गोंधळतात.

भोकं आणि आत राहिलेल्या गोळ्या मोजा, प्रत्येक गोळीचं आत शिरल्याचं एक भोक आणि त्याला जोडी म्हणून बाहेरचं भोक किंवा आत राहिलेली गोळी हवी, म्हणून बेरीज विषम आली तर एखादी गोळी छातीत किंवा डोक्यात गेलेली असू शकते, तिथलेही एक्स-रे काढा. साध्या एक्स-रेवर गोळीची सावली खरीपेक्षा मोठी पडते, तेव्हा कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, त्यावरून लिहू नका.

आणि ऑपरेशनमध्ये गोळी काढताना दातेरी चिमट्याने धरायची नाही, बंदुकीच्या नळीतल्या खाचांच्या गोळीवर उमटलेल्या खुणा बिघडतात. कपडे भोकातून कापायचे नाहीत, बाजूने कापायचे. टाके घालायच्या आधी मोजपट्टी ठेवून फोटो घ्यायला सर्जनला आत्ताच सांगून ठेवा, कारण एकदा जखम साफ करून शिवली की ती काजळी आणि ती कडा परत मिळत नाही.