प्रयोगशाळेचा विषय पास-फेल घ्यावा का?

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीतील एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असून पुढे ती मेडिकल स्कूलसाठी अर्ज करणार आहे. या सेमिस्टरला तिला ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे तीन क्रेडिटचे लेक्चर आणि एका क्रेडिटची लॅब असे दोन स्वतंत्र कोर्स आहेत. लेक्चरमध्ये ती चांगली आहे, पण लॅबच्या रिपोर्टांना गुण कमी मिळतात आणि शेवटी सी प्लस किंवा फार तर बी मायनस मिळेल असे तिला वाटते. कॉलेज लॅबचा कोर्स पास-फेल पद्धतीने, म्हणजे ग्रेडऐवजी केवळ पास किंवा फेल असा निकाल घेऊन, करण्याची मुभा देते. त्याची मुदत लवकरच संपत आहे. असे केल्याने जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, वाचतो, असे तिच्या मैत्रिणी सांगतात. एका क्रेडिटच्या लॅबने असा काय फरक पडणार आहे? शिवाय मेडिकल स्कूलमध्येही आता पास-फेलच असते, असे ऐकते. — एक आई

उत्तर : तुमच्या मुलीने ही लॅब पास-फेल घेऊ नये, असे माझे मत आहे. ‘एका क्रेडिटने काय फरक पडणार’ हा तुमचाच प्रश्न मी उलट बाजूने विचारतो. फरक खरोखरच इतका थोडा असेल, तर तो लपवण्यासाठी एवढी किंमत कशाला मोजायची?

आधी हिशेब करून पाहू. अमेरिकेतील बहुतेक एमडी अभ्यासक्रमांचे अर्ज ‘असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस’ या संस्थेच्या एएमकॅस या सामायिक सेवेमार्फत जातात. ही सेवा कॉलेजने काढलेला जीपीए तसाच्या तसा उचलत नाही. विद्यार्थ्याची प्रत्येक ट्रान्स्क्रिप्ट (कॉलेजचे अधिकृत गुणपत्रक) तपासून स्वतःच्या पद्धतीने तो नव्याने काढते. एकूण जीपीएखेरीज जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित या चार विषयांचा मिळून एक वेगळा विज्ञान-जीपीए काढला जातो आणि प्रवेश समित्या त्याकडे बारकाईने पाहतात. तुमच्या मुलीचे आजवर विज्ञानाचे २४ क्रेडिट झाले आहेत आणि त्यांचा जीपीए ३.६ आहे, असे धरून चालू. एका क्रेडिटच्या लॅबमध्ये सी प्लस, म्हणजे २.३ मिळाले, तर तो ३.५५ वर येईल. बी मायनस, म्हणजे २.७ मिळाले तर ३.५६ वर. अर्ज करेपर्यंत विज्ञानाचे ५० क्रेडिट होतील आणि बाकीच्या विषयांत तिने हीच पातळी टिकवली, तर त्याच सी प्लसनंतरही आकडा ३.५७ असेल. ज्या जीपीएसाठी हा सगळा खटाटोप चालला आहे, त्याचे नुकसान ते एवढेच.

आता दुसरी बाजू पाहा. पास-फेल घेतलेला कोर्स एएमकॅसच्या जीपीएमध्ये धरला जात नाही हे खरे आहे, पण तो अर्जातून नाहीसाही होत नाही. त्याचे क्रेडिट वेगळ्या रकान्यात दाखवले जातात आणि कोर्सच्या नावापुढे ग्रेडच्या जागी केवळ ‘पास’ दिसते. पास होण्याची रेषा प्रत्येक कॉलेजात वेगळी असते. काही ठिकाणी ती सीपाशी असते, काही ठिकाणी सी मायनसपाशी, तर बऱ्याच ठिकाणी डी मिळाला तरी विद्यार्थी पास होतो. अर्ज वाचणाऱ्याला त्या एका शब्दामागे बी प्लस आहे की डी आहे हे कळायला मार्ग नाही आणि हजारो अर्ज समोर असताना शंकेचा फायदा देण्याइतकी सवड त्याला नसते. थोडक्यात, तुमची मुलगी जो सी प्लस झाकू पाहते आहे, त्याच्या जागी समितीच्या मनात त्याहून वाईट ग्रेड उभी राहण्याचा धोका आहे.

ही लॅब ऑरगॅनिक केमिस्ट्रीची, म्हणजे पूर्वअटींपैकी एका विषयाची असल्यामुळे आणखी एक अडचण येते. जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि भौतिकशास्त्र हे विषय लॅबसह पूर्ण केलेले असावेत, ही बहुसंख्य मेडिकल स्कूलची जुनी अट आहे. त्यांपैकी अनेक ठिकाणी या विषयांत अक्षरी ग्रेड आणि तीही किमान सी असावी लागते. अशा ठिकाणी ‘पास’ हा शेरा प्रश्नचिन्हच ठरतो. कधी त्या कोर्सने पूर्वअट पूर्णच होत नाही. काही मेडिकल स्कूलनी अलीकडे कोर्सची यादी बाजूला ठेवून विद्यार्थ्याला काय यायला हवे याचे वर्णन करण्याचा मार्ग स्वीकारला आहे, पण दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने आपले भवितव्य तेवढ्याच शाळांपुरते मर्यादित का करून घ्यावे? प्रत्येक शाळेच्या अटी त्याच असोसिएशनच्या ‘एमएसएआर’ या माहितीकोशात आणि त्या त्या शाळेच्या प्रवेशाच्या माहितीत मिळतात. मुदत संपण्यापूर्वी मुलीने आपल्या पसंतीच्या दहा-बारा शाळांच्या अटी स्वतः वाचाव्यात. मैत्रिणींच्या सांगण्यावर विसंबू नये.

मैत्रिणींनी कदाचित २०२० सालचा दाखला दिला असेल. कोविडच्या त्या वसंत सेमिस्टरमध्ये अनेक कॉलेजांनी सरसकट पास-फेल लागू केले होते आणि पुष्कळ मेडिकल स्कूलनी ते मान्यही केले. एमआयटीमध्येही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पहिल्या सेमिस्टरला अक्षरी ग्रेडऐवजी पास किंवा ‘नो रेकॉर्ड’ असाच निकाल मिळतो आणि समित्यांना त्याचे काही वाटत नाही. दोन्ही ठिकाणी निर्णय संस्थेचा होता, विद्यार्थ्याचा नव्हता. बाकीचे सगळे कोर्स ग्रेडसाठी घेऊन नेमकी ऑरगॅनिकची लॅब तेवढी पास-फेल ठेवली, तर ती निवड कोणी आणि का केली हे वाचणाऱ्याला सहज कळते.

मेडिकल स्कूलमधील पास-फेलबद्दल तुम्ही जे ऐकले ते चुकीचे नाही. बऱ्याच ठिकाणी पहिली दीड-दोन वर्षे पास-फेलवरच चालतात आणि यूएसएमएलई या परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा निकालही २६ जानेवारी २०२२ पासून केवळ पास किंवा फेल असाच दिला जातो. पण त्यानंतर काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. पहिल्या टप्प्याचा आकडा मिळेनासा होताच रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचे प्रशिक्षण, देणाऱ्या रुग्णालयांचे लक्ष दुसऱ्या टप्प्याच्या गुणांकडे अधिक वळले. निवड करणाऱ्याला तुलना करावीच लागते. एक आकडा काढून घेतला की उरलेल्यांवरचा भार वाढतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत तो भार एमकॅट या मेडिकल प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर आणि पुढच्या लॅबच्या ग्रेडवर पडेल. लेक्चरमध्ये चांगल्या असलेल्या मुलीने हा भार ओढवून घेण्याचे कारण मला दिसत नाही.

खरे लक्ष द्यायला हवे ते रिपोर्टांकडे, कारण ऑरगॅनिकच्या लॅबमध्ये गुण बहुधा हातून नव्हे तर लेखणीतून जातात. प्रयोगात पदार्थ अपेक्षेपेक्षा कमी हाती आला की ‘मानवी चूक’ असे लिहून विद्यार्थी मोकळे होतात आणि तपासणारा तेथे गुण कापतो. पदार्थ नेमका कुठे गेला हे लिहावे लागते. पुनर्स्फटिकीकरणात, म्हणजे पदार्थ विरघळवून पुन्हा स्फटिकरूपात मिळवताना, द्रावक जास्त पडला आणि पदार्थाचा काही भाग त्यातच विरघळून राहिला, की गाळणीच्या कागदावर राहिला, की फ्लास्क पुरेसा थंड होण्याआधीच गाळण्याची घाई झाली? वितळणबिंदू अपेक्षेपेक्षा खाली आणि पसरट आला असेल, तर नमुन्यात अशुद्धी किंवा ओलावा आहे, हा निष्कर्ष त्या आकड्याशी जोडून मांडावा लागतो. मुलीने तपासून आलेले दोन-तीन रिपोर्ट घेऊन लॅबच्या टीएला (सहायक शिक्षकाला) त्याच्या ऑफिसच्या वेळेत भेटावे, गुण कोणत्या निकषांवर दिले जातात ते विचारावे आणि पुढचा रिपोर्ट त्या निकषांसमोर ठेवून लिहावा. हे कौशल्य पुढे एमकॅटमध्येही लागते, कारण २०१५ पासूनच्या त्या परीक्षेत प्रयोगाची रचना आणि आकडेवारीवरून निष्कर्ष काढणे यांवर मुद्दाम प्रश्न असतात. शिवाय बहुतेक मेडिकल स्कूल विज्ञानाच्या प्राध्यापकांची शिफारसपत्रे मागतात आणि सी प्लसवरून धडपडत वर आलेली मुलगी लॅब शिकवणाऱ्यांच्या चांगली लक्षात राहते.

माझे मत बदलेल ते दोनच परिस्थितींत. लॅब पूर्वअटींपैकी नसेल, म्हणजे केवळ पदवीच्या गरजेसाठी घेतलेली भूगर्भशास्त्राची वगैरे असेल, तर ती खुशाल पास-फेल घ्यावी. आणि ग्रेड सीच्याही खाली जाण्याची चिन्हे असतील, तर पास-फेलपेक्षा मुदतीत कोर्समधून माघार घेऊन तो पुन्हा नीट करणे बरे, कारण एएमकॅस पहिली आणि दुसरी अशा दोन्ही वेळच्या ग्रेड जीपीएमध्ये धरते, पण माघारीचा ‘डब्ल्यू’ धरत नाही. एखाद-दुसऱ्या डब्ल्यूने कोणाचे अर्ज अडत नाहीत. मात्र माघारीपूर्वी दोन गोष्टी अ‍ॅडव्हायझरला विचारून घ्याव्यात : लॅब सोडली तर लेक्चरही सोडावे लागते का, आणि क्रेडिट १२ च्या खाली जाऊन पूर्णवेळ विद्यार्थ्याचा दर्जा व आर्थिक मदत धोक्यात येते का.

प्रश्न : मी पहिल्या वर्षी भौतिकशास्त्राची लॅब पास-फेल घेतली आणि पास झालो. पुढच्या मे महिन्यात अर्ज करणार आहे. आता काय करता येईल? — एक विद्यार्थी

उत्तर : सर्वप्रथम रजिस्ट्रारकडे चौकशी करा. काही कॉलेजे ठराविक मुदतीत ‘पास’ मागची मूळ ग्रेड उघड करण्याची परवानगी देतात आणि ती बी किंवा त्याहून चांगली असेल तर हाच मार्ग सर्वांत सोपा आहे. ते शक्य नसेल, तर अर्ज करायच्या शाळांच्या प्रवेश कार्यालयांना थोडक्यात ई-मेल लिहून या कोर्सने त्यांची पूर्वअट पूर्ण होते का ते विचारा आणि आलेली उत्तरे जपून ठेवा. पास झालेला कोर्स पुन्हा करू देण्यास अनेक कॉलेजे तयार नसतात. त्यामुळे भौतिकशास्त्राच्या पुढच्या सेमिस्टरची किंवा वरच्या पातळीवरची एखादी लॅब ग्रेडसाठी घ्या. त्यातला ए पहिल्या ‘पास’बद्दलची शंका बऱ्याच अंशी दूर करील.

अर्जात हा कोर्स ट्रान्स्क्रिप्टवर जसा आहे तसाच, पास-फेल म्हणून नोंदवा. ‘मला बहुतेक बी मिळाला असता’ अशा अंदाजाने ग्रेड लिहू नका, कारण एएमकॅस तुमची प्रत्येक नोंद ट्रान्स्क्रिप्टशी ताडून पाहते आणि विसंगती आढळली की अर्ज रखडू शकतो. वैयक्तिक निवेदनाला मोकळ्या जागा धरून ५,३०० अक्षरांची मर्यादा असते. त्यातली जागा या स्पष्टीकरणावर खर्च करू नये. शाळांच्या दुय्यम अर्जात विचारले तर दोन वाक्यांत खरे कारण सांगावे.

प्रश्न : पास-फेल घेतलेल्या कोर्समध्ये नापास झाल्यास तो ‘फेल’ तरी जीपीएमध्ये धरतात का? — एक वाचक

उत्तर : एएमकॅसच्या जीपीएमध्ये धरत नाहीत, पण नापास झालेले क्रेडिट वेगळे दाखवले जातात आणि समितीला ते दिसतात. कॉलेजच्या स्वतःच्या जीपीएमध्ये मात्र अनेक ठिकाणी तो पूर्ण एफ म्हणून धरला जातो, म्हणून पास-फेलचा अर्ज भरण्यापूर्वी आपल्या कॉलेजचा नियम वाचून घ्यावा.