अमेरिका की तुर्कमेनिस्तान, मिथेन जास्त कोण सोडतं? आधी उत्पादनाने भागून बघ

भो, तुझा प्रश्न असा की उमविच्या (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या) प्रोजेक्टसाठी तू हे दोन देश घेतले, तेल आणि गॅसमधून होणारी मिथेनची गळती १९९० पासून आजपर्यंत एकाच ग्राफवर टाकली, तर अमेरिकेची रेघ पार वर गेली आणि तुर्कमेनिस्तान खाली चिकटून बसला, मग बातम्यांत बोलणी तुर्कमेनिस्तानलाच का बसतात. मी बरीच वर्षं गॅसच्या कॉम्प्रेसर स्टेशनवर इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढली, गळती शोधणं हेच रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, नुसते टन शेजारी शेजारी ठेवून काही कळत नाही. अमेरिका वर्षाला १००० अब्ज घनमीटरच्या वर गॅस काढते, तुर्कमेनिस्तान ८० च्या आसपास. रावेरचा एक व्यापारी वीस गाड्या केळी भरतो आणि त्यातली एक नासते, दुसरा दोनच गाड्या भरतो आणि त्यातली अर्धी गाडी नासते, तर माल पहिल्याचा जास्त गेला पण हलगर्जी दुसराच ना. म्हणून गळती भागिले उत्पादन असा टक्का काढ, तुर्कमेनिस्तान लगेच वर येईल, जगातल्या सगळ्यात वाईट टक्क्यांमध्ये त्याचं नाव असतं. पण टनांचा ग्राफ फेकून देऊ नको, हवा तापते ती टनांनीच, आणि २० वर्षांचा हिशोब धरला तर एक टन मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट भारी पडतो.

आता खरी मेख. तुझ्याकडचा अमेरिकेचा आकडा बहुतेक ईपीएचा, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचा आहे, आणि तो मुख्यतः मोजलेला नसतो, काढलेला असतो. म्हणजे देशात विहिरी किती, व्हॉल्व्ह किती, कॉम्प्रेसर किती, आणि प्रत्येकाला एक ठरलेला आकडा गुणायचा. कागदावर प्रत्येक व्हॉल्व्ह सारखाच गळतो, साइटवर असं कधीच नसतं. अख्ख्या लाइनीवर सगळं ठणठणीत असतं आणि एखादं सील गेलेलं असतं, ते एकटंच बाकी सगळ्यांपेक्षा जास्त सोडतं. अमेरिकेतल्या बऱ्याच मोजणींतून हेच निघालंय की सगळ्यात मोठ्या ५ टक्के गळत्या मिळून निम्म्याहून जास्त मिथेन सोडतात. २०१५ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात अलिसो कॅन्यनला साठवणुकीची एक विहीर फुटली, फेब्रुवारीपर्यंत चालली, एका विहिरीतून ९७,००० टनांच्या आसपास मिथेन गेला, असला प्रकार सरासरी आकड्यात कुठून बसणार? २०१८ मध्ये सायन्स मासिकात जो मोठा अभ्यास आला त्यात २०१५ ची अमेरिकेची गळती वर्षाला १.३ कोटी टन धरली, उत्पादनाच्या २.३ टक्के, म्हणजे ईपीएच्या आकड्यापेक्षा ६० टक्क्यांनी जास्त. एकट्या पर्मियन खोऱ्यात, म्हणजे टेक्सास-न्यू मेक्सिकोतल्या तेल-गॅसच्या पट्ट्यात, २०१८-१९ ला उपग्रहाने ३.७ टक्के दाखवले.

आणि एक, ईपीए पद्धत बदलली की १९९० पर्यंत मागे जाऊन सगळे आकडे नव्याने काढते. त्यामुळे अर्धी वर्षं जुन्या अहवालातून आणि अर्धी नव्यातून घेतली तर मधेच जी पायरी दिसेल ती खोटी. तसंच कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीत केलेले आकडे असतील तर (१०० वर्षांचा हिशोब धरून) आधी मिथेनला २५ ने गुणायचे, नंतर २८ ने, तिथंच १२ टक्के वाढ आपोआप दिसते. सरळ मिथेनचे टन घे.

तुर्कमेनिस्तानचं उलटं आहे, अमेरिकेसारखा दरवर्षीचा तपशीलवार हिशोब त्यांनी दिलेलाच नाही, त्यामुळे जुन्या वर्षांचे जे आकडे तुला मिळाले ते अंदाज आहेत. त्यात १९९७ ला रशियामार्गे गॅस जाणं बंद पडलं, उत्पादन कोसळलं, पुढे २००९ च्या डिसेंबरात चीनची पाइपलाइन सुरू झाली. उत्पादन पडलं म्हणून सोव्हिएत काळातली जुनी यंत्रणा त्याच प्रमाणात कमी गळत नाही, म्हणून त्या वर्षांचा टक्का वाचताना जपून. खरी माहिती उपग्रहांमुळे आली. २०१९ च्या सुरुवातीला एक कॅनडाचा उपग्रह तिथला चिखलाचा ज्वालामुखी बघत होता आणि शेजारच्या कोरपेजे भागात भलतीच मोठी गळती सापडली. मग २०१७ ते २०२० ची चित्रं तपासली तर पश्चिम किनाऱ्याजवळ २९ मोठे स्रोत निघाले, त्यातले २४ म्हणजे विझलेले फ्लेअर, म्हणजे नको असलेला गॅस जाळून टाकायच्या चिमण्या.

याचा मला फार राग येतो. फ्लेअर पेटता असेल तर निदान मिथेन जळून कार्बन डायऑक्साइड होतो, ज्वाला रात्री उपग्रहाला दिसते, कोणीतरी जाब विचारतं. विझवून तसाच गॅस सोडला की डोळ्याला काही दिसत नाही, वासही नाही, आणि ज्वाला मोजणाऱ्यांच्या आकड्यात सुधारणा दिसते. हे बंद करायला काही अवघड तंत्रज्ञान लागत नाही, इग्निशन चालू ठेवायचं आणि रोज कोणीतरी वर बघायचं. २०२३ च्या डिसेंबरात दुबईत तुर्कमेनिस्तान मिथेन कमी करायच्या जागतिक संकल्पात सामील झाला, अमेरिका त्यात २०२१ लाच आली होती.

तरी तुर्कमेनिस्तानच्या बाजूने एक गोष्ट लिहीच. उपग्रहाला उघडं वाळवंट बघायला सोपं जातं, ढग नाहीत, झाडी नाही. अमेरिकेतल्या अपलेशियासारख्या डोंगराळ, ढगाळ भागात तेवढं नीट दिसत नाही, म्हणून पकडले गेलेले स्रोत मोजून देशांची तुलना करू नको. ट्रोपोमी हे मिथेन टिपणारं उपग्रहावरचं उपकरण २०१७ च्या ऑक्टोबरात वर गेलं, त्या वर्षावर ग्राफमध्ये उभी रेघ मार आणि अलीकडचं-पलीकडचं वेगळ्या रंगात दाखव.

शेवटी विचारलंस की भुसावळजवळच्या दीपनगरच्या कोळशाच्या वीजकेंद्राच्या चिमणीचं काय. तिथं मिथेन नावापुरता, चिमणीतून जातो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. कोळशातला मिथेन खाणीवरच सुटतो, खोल खाणीत जास्त, उघड्या खाणीत कमी. भारत जोडायचा असेल तर कोळशाचा वेगळा ग्राफ कर, तेल-गॅसच्या रेघेत मिसळू नको.