जर्नेल सिंग: ताटातल्या वाट्यांवर पाहिलेला स्टॉपर

प्रश्न: ज्याचा खेळ तुम्ही स्वतः कधीच पाहिला नाही, पण वडिलांच्या तोंडून ऐकून जो तुमचा झाला, असा खेळाडू कोण?

जर्नेल सिंग. फुटबॉलमधला, कलकत्त्याच्या मोहन बागानचा आणि भारताचा स्टॉपर, म्हणजे गोलसमोर मधोमध उभा राहणारा बचावपटू.

माझे अण्णा परळच्या एका गिरणीत कामाला होते आणि गिरणीच्या टीममध्ये बॅक, म्हणजे बचावात खेळायचे. रोव्हर्स कपसाठी कलकत्त्याचे संघ मुंबईत आले की पहिली पाळी संपवून ते तडक कूपरेज मैदान गाठायचे. जर्नेलला त्यांनी तिथे पाहिलं, आणि मी त्याला पाहिलं आमच्या घरी, जेवणाच्या ताटात. आमटीची वाटी म्हणजे चेंडू घेऊन येणारा फॉरवर्ड, भाकरीचा तुकडा म्हणजे जर्नेल. "बघ, हा लगेच अंगावर जात नाही. त्याला येऊ देतो. त्याला वाटतं, वाट मोकळी आहे. मग तो चेंडू एक वीतभर जास्त पुढे ढकलतो..." आणि भाकरीचा तुकडा आडवा घसरत येऊन वाटीला भिडायचा. आमटी सांडायची, आई ओरडायची. टॅकलमध्ये ताकदीपेक्षा धीर जास्त लागतो, हे मी असं शिकलो.

लोकांना आठवतो तो 1962चा जाकार्ता. एशियाडमध्ये थायलंडविरुद्ध जर्नेलचं डोकं फुटलं, टाके पडले. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी उपांत्य सामन्यात त्याला चक्क सेंटर फॉरवर्डला खेळवलं. दक्षिण व्हिएतनामला आपण 3-2 हरवलं, त्यात एक गोल त्याचा. 4 सप्टेंबरला अंतिम सामना दक्षिण कोरियाशी. त्यांनीच पहिल्या सामन्यात आपल्याला 2-0 हरवलं होतं. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानला स्पर्धेत येऊ दिलं नव्हतं, त्यावर आशियाई क्रीडा महासंघातले भारताचे पदाधिकारी सोंधी यांनी आक्षेप घेतला होता. त्या रागाने अख्खं स्टेडियम आपल्या पोरांची हुर्यो उडवत होतं. पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला, थोड्याच वेळात दुसरा जर्नेलने. 2-1. सुवर्ण.

अण्णा मात्र हे सांगताना गोलाशी थांबत नसत. लगेच विचारायचे, "जर्नेल पुढे गेला, मग त्याची जागा कुणी धरली?" उत्तर आम्हा भावंडांना पाठ होतं: अरुण घोष. स्वतः बॅक खेळलेल्या माणसालाच हा प्रश्न सुचतो, असं मला आज वाटतं. त्या संघातला गोव्याचा फ्रँको मुंबईत टाटांकडून खेळायचा, त्यामुळे अण्णांच्या लेखी तो घरचाच. त्याचंही नाव घ्यावंच लागे.

पुढे जर्नेल भारताचा कर्णधार झाला, 1964 साली अर्जुन पुरस्कार मिळाला, आशियाई ऑल स्टार संघाचं नेतृत्वही त्याने केलं. ही माहिती मी नंतर वाचली. अण्णांच्या गोष्टींत पुरस्कार कधी आलेच नाहीत.

2000 सालच्या ऑक्टोबरमध्ये जर्नेल कॅनडात वारला. अण्णांनी ऑफिसात फोन केला. एरवी ते कधी करत नसत, त्यामुळे माझ्या पोटात गोळाच आला. त्यांनी आधी बातमी सांगितलीच नाही. म्हणाले, "फायनलला गोलकीपर थंगराजच्या पुढे कोण कोण होतं, सांग." मी सांगत गेलो: चंद्रशेखर, त्रिलोक सिंग, अरुण घोष.

"बरोबर," ते म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. "जर्नेल गेला रे."