१४ फुटी फायबरची होडी घरीच स्प्रे करायची आहे. २ एचपी, ५० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर पुरेल का?

तुमच्याकडे स्प्रे गन कोणती आहे, यावर ते ठरेल. कॉम्प्रेसर नंतर बघा, आधी गनच्या खोक्यावर सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा लागते त्याचा, आकडा शोधा.

एचपी आणि टाकीचे लिटर मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, म्हणून आपण तेच बघतो. मीही तेच केलं होतं. होडीची एक बाजू निम्मी रंगवून झाली आणि दाब बसला. गन रंगाचे थेंब थुंकायला लागली. टाकी भरेपर्यंत थांबलो, तेवढ्यात आधीच्या पट्ट्याची ओली कड सुकली. सांधा इतका उठून दिसला की ती अख्खी बाजू घासून पुन्हा करावी लागली.

साधा हिशोब करून बघा. ५० लिटरची टाकी ८ बारवरून ४ बारवर उतरली की साधारण २०० लिटर हवा मिळते, म्हणजे ७ घनफूट. नेहमीची एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गन मिनिटाला १० ते १५ घनफूट हवा खाते. १२ धरू. २ एचपीच्या मशीनवर ८ सीएफएम लिहिलेलं असलं तरी तो बहुतेक वेळा पिस्टनच्या आकारमानावरून काढलेला आकडा असतो. प्रत्यक्ष हाती येतात ५ च्या आसपास. म्हणजे मिनिटाला ७ घनफुटांची तूट, आणि टाकीत शिल्लकही तेवढीच. एका मिनिटात खेळ खलास. मोठी टाकी घेतलीत तर हे मिनिट लांबेल, तूट भरून निघणार नाही. म्हणून दुकानदाराला ‘फ्री एअर डिलिव्हरी’ (प्रत्यक्ष हाती येणारी हवा) किती आणि ती किती दाबाला, हे विचारा. तो आकडा गनच्या गरजेच्या निदान सव्वा पट तरी हवा, कारण छोटी मशीनं सलग चालवली की तापतात.

तरी तुमचा २ एचपी अगदीच वाया नाही. ४ सीएफएमच्या आसपास चालणारी एलव्हीएलपी (कमी हवा, कमी दाब) गन घ्या. पट्टा अरुंद पडेल, हात सावकाश चालवावा लागेल, पण १४ फुटांची होडी होते. नाहीतर दोन दिवसांसाठी मोठा कॉम्प्रेसर भाड्याने आणा. एका होडीसाठी मी तरी विकत घेणार नाही.

पाण्याचं मात्र विसरू नका. दाबलेली हवा तापते आणि पाईपमध्ये गार झाली की पाणी सुटतं. हे पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप कॉम्प्रेसरला चिकटून लावला तर गरम वाफ त्यातून आरामात निघून जाते. तो पाईपच्या गनकडच्या टोकाजवळ लावा. टाकीचं पाणी रोज काढा. पाईप आतून १० मिमीचा घ्या, बारीक पाईपात दाब मरतो. कॉम्प्रेसर रंगाच्या धुरळ्यापासून लांब ठेवायचाच आहे, तर त्यासाठी पाईप लांब घ्या. विजेची वायर वाढवू नका, लांब, बारीक वायरवर मोटर रडते.

रंग दोन भागांचा पॉलियुरेथेन असेल तर त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं. धूळ अडवणारा साधा मास्क तिथे काही कामाचा नाही. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि ती हवा या रंगाच्या कॉम्प्रेसरमधून घ्यायची नाही. एवढी सोय नसेल तर रोलरने रंग लावून लगेच मऊ ब्रशचं टोक हलकेच फिरवा. चांगला मरीन रंग स्वतःच सपाट बसतो, चार हात लांबून फरक ओळखू येत नाही. पाण्याखालच्या भागाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावतात त्या अँटीफाउलिंग रंगाला तर रोलरच बरा.

स्प्रेच करायचं ठरलं तर रंग भरण्याआधी गन जोडून ट्रिगर सलग तीन मिनिटं दाबून धरा. रेग्युलेटरचा दाब दाखवणारा काटा खाली सरकत गेला नाही, तर खुशाल सुरू करा.