मशेरी, पांढरा चट्टा आणि ‘तुकड्या’ची भीती

प्रश्न : माझ्या सासूबाई (वय ५८) तीसेक वर्षं दिवसातून चार-पाच वेळा मशेरी लावतात. खालच्या ओठाच्या आत, हिरडीलगत पांढरा चट्टा दिसतोय. दुखत नाही म्हणून दवाखान्यात यायला तयार नाहीत. तपासणीसाठी तुकडा काढला (बायोप्सी केली) की रोग पसरतो, असं शेजारणीने त्यांच्या मनात भरवलंय.
– एक वाचक, कराड

उत्तर : दुखत नाही म्हणून थांबू नका. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. दुखायला लागेपर्यंत तो पुष्कळदा खोल गेलेला असतो. चट्टा जिथे आहे तीच मशेरी धरून ठेवायची जागा, त्यामुळे तो दाखवायलाच हवा.

आधी घरी नीट बघा. सकाळी उजेडात, दाराशी बसवा. चूळ भरायला सांगा, कवळी असेल तर काढा. बोटाला ओलं सुती फडकं गुंडाळून चट्टा हलकेच पुसा. पुसून निघाला तर मशेरीचा थर किंवा बुरशी असू शकते. निघालाच नाही, तर तो ‘ल्युकोप्लाकिया’, म्हणजे पुढे कॅन्सरकडे झुकू शकणारा पांढरा चट्टा, असू शकतो. असा प्रत्येक चट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे, पण कोणता पुढे बिघडेल हे नुसतं बघून कळत नाही. त्यात लालसर भाग, चर किंवा बोटाला कडक लागणारी कड असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. मग दोन्ही गाल आतून पाहा. जीभ रुमालात धरून दोन्ही कडा आणि खालची बाजू पाहा. नेमकी जिभेची कडच बघायची राहून जाते. शेवटी जबड्याखाली आणि मानेला गाठ लागते का ते चाचपा.

दाताच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तरी हाच नियम. ‘बी कॉम्प्लेक्स’च्या गोळ्या आणि बधिर करणारी जेल यांवर महिनेच्या महिने जातात, आणि खरं नुकसान तिथेच होतं.

आता तुकड्याचं. जागा बधिर करून चट्ट्याच्या संशयास्पद भागातून काही मिलिमीटरचा तुकडा घेतात, लागला तर एखाद-दुसरा टाका. त्याने रोग पसरत नाही. होतं असं, की लोक उशिरा येतात, रोग आधीच पसरलेला असतो, आणि दोष तुकड्याला लागतो. सासूबाईंना हे असंच सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मधुमेह असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. त्या दिवशी थंड, मऊ जेवण द्या. रिपोर्टमध्ये ‘डिस्प्लेसिया’ असा शब्द आला तर पेशी बदलू लागल्यात. पुढचं डॉक्टर ठरवतील. तो नसला तरी दर काही महिन्यांनी दाखवत राहावं लागतं. मशेरी सुटल्यावर बरेच चट्टे फिकट होतात, काही जातातही.

प्रश्न : आईची मशेरी सोडवायची आहे. ती म्हणते, मशेरीशिवाय पोट साफ होत नाही आणि दात ठणकतात. – एक वाचक, सांगोला

उत्तर : आईचं म्हणणं खरं आहे. तंबाखूतल्या निकोटिनने आतडी हलतात, म्हणून सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतो. सकाळी कोमट पाणी, जेवणात भाजी आणि सालीसकट कडधान्य वाढवा, थोडं चालायला लावा. दाताचं दुखणं मशेरीने नुसतं झाकलं जातं. ती सोडायच्या आधी दाताच्या डॉक्टरांकडे न्या, नाहीतर पहिल्याच कळेला डबी उघडेल.

तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजली तरी निकोटिन उरतंच, वर करपल्याने कॅन्सर घडवणारी आणखी रसायनं तयार होतात. ‘भाजलेली सौम्य असते’ हा समज चुकीचा आहे.

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ हाताला काम द्या. निकोटिन गम घ्यायचं ठरलं तर ते च्युइंगमसारखं चघळायचं नाही. झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चावायचं, मग गालाशी धरून ठेवायचं. चव गेली की पुन्हा चावायचं, साधारण अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी नको, निकोटिन शोषलं जात नाही. भराभर चावलं की ते पोटात जातं. उचक्या लागतात, मळमळतं. मग लोक ‘गम सोसत नाही’ म्हणून सोडून देतात. कवळीला ते चिकटतं, कवळी असणाऱ्यांनी निकोटिनच्या पॅचबद्दल (त्वचेवर चिकटवायच्या पट्टीबद्दल) विचारावं. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर समुपदेशन मोफत मिळतं.

प्रश्न : तंबाखू नाही, फक्त सुपारी खातो. धोका आहे का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : हो. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच कॅन्सरकारक ठरवलं. तिखट झोंबू लागलं, गाल आतून ताठ वाटू लागला, तर तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का पाहा. जात नसतील तर सुपारी आजच बंद करून डॉक्टरांना दाखवा. आखडलेलं तोंड पूर्वीसारखं पूर्ण उघडणं कठीण असतं. गोड सुपारीही यातच आली.

प्रश्न : वडिलांना कॅन्सरच्या उपचारांसाठी नांदेडहून मुंबईला न्यावं लागतं. रेल्वेत सवलत आहे का? – एक वाचक, नांदेड

उत्तर : आहे. उपचार किंवा तपासणीसाठी जाताना रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीत मूळ भाडं लागत नाही, सोबत्याला ७५ टक्के सूट मिळते. रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर रुग्णालयाची सही-शिक्का घेऊन आरक्षण खिडकीवर जा. सोबत्याची सूट रुग्ण बरोबर असेल तेव्हाच.