टर्की भाजण्याआधी मिठाच्या पाण्यात किती तास ठेवावी?

बादलीचा नाद सोडा. १४ पाउंडांची टर्की, अमेरिकेतलं पहिलंच थँक्सगिव्हिंग, घरी पाहुणे येणार आणि यूट्यूबवर जो तो बादलीत पक्षी बुडवतोय, म्हणून तुम्ही तास विचारताय. कळलं. पण आधी टर्कीच्या पिशवीवरची बारीक अक्षरं वाचा. ‘मीठ-पाण्याचं द्रावण अमुक टक्क्यांपर्यंत’ असं काही असेल, तर कारखान्यातच तिला सुया टोचून खारं पाणी भरलेलं आहे. ‘कोशर’ (ज्यू धर्मनियमांप्रमाणे तयार केलेलं) लिहिलं असेल तरी तिला मीठ लागून झालंय. अशा टर्कीला पुन्हा ब्राइन, म्हणजे मिठात मुरवणं, हा निव्वळ अत्याचार.

हे आमच्या साडूभाऊंना कुणी सांगायचं? न्यू जर्सीला त्यांच्या घरी सगळे जमलो होतो, सासूबाई सांगलीहून आलेल्या. साडूभाऊंनी गराजमध्ये पिकनिकचा मोठा कूलर मांडला. त्यात पाणी, बर्फ, संत्र्याची सालं, दालचिनी, तमालपत्र, मिरी. रेसिपीत कोशर सॉल्टचे, म्हणजे जाड्या दाण्याच्या मिठाचे, कप दिले होते, यांनी तेवढेच कप घरातलं बारीक मीठ ओतलं. डायमंड क्रिस्टल ब्रँडचं जाडं कोशर मीठ कपात जेमतेम १४० ग्रॅम बसतं, बारीक मीठ त्याच्या दुप्पट. मी म्हटलं, वजन करू या. तर म्हणाले, ‘तू वरण-भाताचं बघ.’

दुसऱ्या दिवशी ओव्हनमधून जे बाहेर आलं त्याची कातडी ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. कूलरमधून काढून तशीच ओव्हनमध्ये घातली तर दुसरं काय होणार? आधी पाणी उडणार, मग कुठे रंग चढणार. तळाच्या ट्रेमधल्या रसाची ग्रेव्ही केली होती, ती चमचाभरही कुणाच्या घशाखाली उतरेना. सासूबाईंनी एक घास खाल्ला, घटाघटा पाणी प्यायल्या आणि मुलीकडे वळून हळूच विचारलं, ‘दही आहे का गं घरात?’

साडूभाऊंचं निदान काय, तर पक्षीच खारट निघाला! मी कचऱ्याच्या डब्यातून पिशवी काढली, टेबलावर सरळ केली आणि द्रावणाची ओळ बोट ठेवून दाखवली. बायकोने टेबलाखालून पाय मारला तो वेगळाच. त्यावर त्यांचं म्हणणं, ‘पण मांस रसाळ झालंय की नाही?’ हे वाक्य ते दर नोव्हेंबरला फॅमिली ग्रुपवर अजून टाकतात.

तर आज एकदाच लिहून टाकतो. मिठामुळे मांसातली मायोसिनसारखी प्रथिनं सैल होतात, भाजताना कमी आवळतात, म्हणून पाणी धरून राहतं. काम मिठाचं आहे, बादलीचं नाही. बादलीतून जो जादा ‘रस’ आत जातो तो नळाचा. त्याने मांस ओलं राहतं, पण टर्कीची चव पातळ होते. संत्रं-दालचिनीचा वास गराजला छान येतो, मांसाच्या आत फारसा काही शिरत नाही.

माझी आई मटणाला मीठ-हळद चोळून ठेवायची, तेच इथे करायचं, हळद वगळून. १४ पाउंडांना साधारण ४० ग्रॅम मीठ, वजन करून. छातीच्या भागाला जास्त, शक्यतो कातडीखाली हात घालून. मग फ्रीजमध्ये उघडीच ठेवा, दीड-दोन दिवस. मीठ तिच्याच रसात विरघळून आत जातं आणि कातडी वाळते, म्हणून ती कुरकुरीत होते. गोठलेली असेल तर फ्रीजमध्ये सुटायलाच तीनेक दिवस लागतात, तेव्हा थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारसाठी आधीच्या शुक्रवारी-शनिवारीच फ्रीजरमधून खाली आणा. मीठ मंगळवारी. धुवायची गरज नाही, सिंकभर जंतू उडतात तेवढेच.

आणि थर्मामीटर घ्या. छातीच्या जाड भागात १६५ फॅरनहाइट झालं की बस. तिथून पुढे १८५ पर्यंत नेलीत तर कुठलंच ब्राइन वाचवणार नाही. मांडीला मात्र १७५ बरं.

पिशवीवर द्रावण लिहिलेलं निघालं तर वरचं ४० ग्रॅमही विसरा. नुसती कोरडी पुसून रात्रभर उघडी ठेवा. बिनद्रावणाची टर्की असून बादलीच करायची असेल तर पाणी सतत ४० फॅरनहाइटच्या खाली राहिलं पाहिजे. गराजवर भरवसा नको, आणि नंतर कातडी वाळायला फ्रीजमध्ये एक रात्र द्या. तास आणि कप हवे असतील तर आमच्या साडूभाऊंना विचारा, ते तोंडपाठ सांगतील.