लॅपटॉपची अख्खी हार्ड डिस्क एक्स्टर्नल डिस्कवर क्लोन कशी करायची?

क्लोनझिला हा डिस्क कॉपी करणारा प्रोग्रॅम वापरा, मोफत आहे. पेन ड्राइव्हवर टाकून लॅपटॉप त्यावरूनच सुरू करायचा.

पण फक्त बॅकअप हवा असेल तर थेट क्लोन करू नका, 'डिव्हाइस-इमेज' निवडा. क्लोन करताना एक्स्टर्नलवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. इमेज म्हणजे फाइलीच, आणि त्यात रिकामी जागा सहसा कॉपी होत नाही, त्यामुळे लॅपटॉपवर फार डेटा नसेल तर १ टीबीच्या डिस्कवर दोन-तीन महिन्यांच्या इमेज मावतात. डिस्क बदलायची असेल तेव्हा मात्र क्लोनच बरा. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी.

कुठून कुठे कॉपी करायचं, ते निवडताना घाई नको. एसडीए, एसडीबी अशी डिस्कची नावं दिसतात, त्यांवर जाऊ नका, शेजारी लिहिलेला आकार आणि मॉडेल वाचा. मी फोंड्याला घरी एकदा उलटं निवडलं आणि तीन चवथींचे फोटो गेले. आईला सांगताना जीव तुटला होता.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर, चालू असेल तर रिकव्हरी की (ते कुलूप उघडणारा लांब आकडा) आधी कागदावर उतरवून ठेवा. आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल नेम नाही, म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज करूनच बसा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच.